ऊन पाण्याची वाट

बेळगोळ म्हटले की मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर गोमटेश्वराची ती भव्य मूर्ती उभी राहते. तिच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळी आपल्या भाषेच्या आरंभीच्या शिलालेखांत गणल्या जातात, हेही पुष्कळांना आठवेल. परंतु आज मी ज्या बेळगोळविषयी बोलणार आहे ते श्रवणबेळगोळ नव्हे. म्हैसूरहून कृष्णराजसागराकडे जाताना वाटेत एक लहानसे गाव आणि तितकेच लहान रेल्वे स्थानक लागते, तेही बेळगोळच. येथे मूर्ती नाही, यात्रा नाही. येथे आहे ते पाणी. आणि माझा विषयही पाण्याचाच आहे. अधिक नेमके सांगायचे तर, घरातील नळाला ऊन पाणी का येत नाही, या प्रश्नाचा.

इतिहासाच्या व्याख्यानाला हा विषय कोणाला फारच घरगुती वाटेल. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि राज्याभिषेक, अशी आपली समजूत असते. तशा इतिहासाचीही या परिसरात वाण नाही. बेळगोळ ज्या श्रीरंगपट्टण तालुक्यात येते, त्याच्या मुख्य ठाण्यासमोर 1792 साली इंग्रज, निजाम आणि मराठे यांच्या फौजा टिपूविरुद्ध एकवटल्या होत्या. त्या मोहिमेतील हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ही नावे मराठी वाचकाला परिचयाची आहेत. मात्र त्या सरदारांच्या राहुट्यांत पहाटे पाणी कोण तापवीत असे, कशावर तापवीत असे आणि ते तापले नाही तर काय होत असे, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. मीही कधी केली नव्हती. ती करण्याची पाळी माझ्यावर एका सरकारी निवासस्थानातील न्हाणीघरात आली.

काही वर्षांपूर्वी शासकीय कामानिमित्त मला चार-पाच महिने बेळगोळ परिसरात राहावे लागले. माझी आई माझ्याबरोबर होती. तिचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले, गुडघ्यांना संधिवाताने धरलेले. सकाळचे ऊन पाणी ही तिच्या दृष्टीने चैन नव्हती, औषध होते. निवासस्थान नुकतेच रंगविलेले होते. न्हाणीघराच्या भिंतीवर पांढराशुभ्र विजेचा गीझर होता. कळ दाबली की त्यावरचा तांबडा दिवा लागे, काही वेळाने विझे, आणि नळ सोडला की बादलीत पाणी पडे ते जेमतेम कोमट. थंडीच्या सकाळी तर कोमट म्हणण्याचेही धाडस होऊ नये इतके गार.

या प्रसंगातील विरोधाभास मला तेव्हाच जाणवला होता. नळाला ऊन पाणी येण्यासाठी दोन गोष्टी लागतात: पाणी आणि वीज. हिंदुस्थानात या दोन्ही गोष्टी घरोघर पोहोचविण्याचा उद्योग ज्या थोड्या प्रदेशांत प्रथम झाला, त्यांत हा कावेरीकाठ अग्रभागी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूर संस्थानचा कारभार महाराणी केंपनंजम्मण्णी पाहात होत्या. वाणीविलास सन्निधान हा त्यांचा किताब. म्हैसूर शहराच्या पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेला त्यांच्यावरून वाणीविलास हे नाव पडले, आणि त्या यंत्रणेचे एक महत्त्वाचे उपसा केंद्र म्हणजे हेच बेळगोळ. येथे कावेरीचे पाणी उपसायचे आणि ते शहरातील उंचवट्यावर चढवून नळांनी खाली सोडायचे, अशी ही व्यवस्था.

विजेची कथा याहून विलक्षण आहे. बेळगोळच्या खाली, कावेरीच्याच प्रवाहावर, शिवनसमुद्र येथे धबधबा आहे. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत तेथे जलविद्युत केंद्राचे काम हाती घेतले गेले आणि 1902 साली तेथील वीज सुमारे 147 किलोमीटर अंतरावरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली. तारांवरून इतक्या दूर वीज नेणे ही त्या काळी जगातही नवलाची गोष्ट होती. 1905 साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. उन्हाळ्यात नदी आटली की शिवनसमुद्राची चाके मंदावत, म्हणून वर पाणी साठवून ठेवण्याची गरज भासली. कृष्णराजसागर धरणामागील एक कारण हेही होते. 1911 साली त्याचे काम सुरू झाले. तेव्हाचे मुख्य अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तर निम्मे आपलेच. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झालेले, 1884 साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेले, आणि पुण्याजवळच्या खडकवासल्याला 1903 साली त्यांनी बसविलेली आपोआप उघडमीट करणारी दारे पाहूनच त्यांचे नाव सर्वतोमुखी झालेले. कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या तिन्ही नद्यांचे पाणी त्या धरणात एकत्र येते.

सारांश, दोन-तीन पिढ्यांच्या थोर कर्तृत्वाने पाणी आणि वीज ही दोन्ही माझ्या न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत आणून सोडली होती. अडले होते ते शेवटच्या चार हातांत.

येथे थोडे मागे जाऊ. पाणी तापविणे ही क्रिया मानवाइतकीच जुनी असली, तरी आंघोळीसाठी पुष्कळ पाणी, रोजच्या रोज, फार धूर न होता आणि फार सर्पण न जाळता तापविणे हा एक स्वतंत्र प्रश्न आहे. बौद्ध विनयग्रंथांत भिक्षूंसाठी जंताघर नावाच्या उष्ण स्नानगृहाची अनुज्ञा आहे. जीवक वैद्याने आरोग्यासाठी ते सुचविले, असे तेथे सांगितले आहे. मला त्या वर्णनातील बारकावे अधिक महत्त्वाचे वाटतात. लहान जंताघरात अग्नी एका कडेला असावा, मोठ्यात मध्यभागी असावा; धूर जाण्यासाठी धूमनेत्र असावे; आचेने तोंड भाजू नये म्हणून चेहऱ्याला ओली माती लावावी. म्हणजे अग्नी कोठे ठेवायचा आणि धूर कोठून काढायचा, याची चर्चा दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे झालेली होती. पुढे वाग्भटाने तर ऊन पाणी कोठे घ्यावे आणि कोठे घेऊ नये हेही सांगून ठेवले: कमरेखाली घेतले तर बल वाढते, डोक्यावर घेतले तर केसांना आणि डोळ्यांना अपाय होतो. मुसलमानी अमदानीत हमाम आले. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमाम आजही पाहावयास मिळतो. तेथे पाणी तापते एका ठिकाणी आणि वापरले जाते दुसऱ्या ठिकाणी. मध्ये नळ आणि भिंती आहेत. ऊन पाण्याला स्वतःची वाट मिळाली ती अशी.

सामान्य घरात मात्र ही वाट फार आखूड होती. चुलाण्यावर हंडा, हंड्यातून तांब्याने घंगाळात, घंगाळात विसण, आणि अंगावर. म्हैसूरकडील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात चुलाण्यावर असा हंडा कायमचा बसविलेला असे, आणि नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो घासूनपुसून, त्याला फुलांची माळ बांधून, पाण्याने भरून ठेवण्याचा सणच तेथे साजरा होतो. कानडीत त्याला ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, म्हणतात. जी वस्तू रोज पहाटे कोणा स्त्रीच्या डोळ्यांत धूर घालीत होती, तिची वर्षातून एकदा पूजा व्हावी यात काही औचित्य आहे खास.

आपल्या महाराष्ट्रात या हंड्याची जागा बंबाने घेतली. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून, पाण्याचा पंप या अर्थाच्या शब्दावरून, आला असे मानतात. त्यामुळे एक गंमत झाली आहे. आग विझविणाराही बंब आणि पोटात आग घेऊन बसणाराही बंबच! तांबटांनी घडविलेल्या या पात्राची रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तांब्याचे उभे नळकांडे. त्याच्या मधोमध दुसरी अरुंद नळी, खालपासून वरपर्यंत आरपार गेलेली. खाली लोखंडी जाळी, तीवर कोळसे, ढलप्या, करवंट्या, जे असेल ते. जाळ मधल्या नळीत चढतो, धूर वरून बाहेर पडतो, आणि त्या नळीभोवती चहूकडून पाणी असल्यामुळे आचेचा मोठा भाग पाण्याला मिळतो. उघड्या चुलाण्यावरील हंड्याला आच फक्त तळातून लागते आणि उरलेली वाऱ्यावर जाते. बंबात आच पाण्याच्या पोटातून जाते. कोणा शास्त्रज्ञाचे नाव या रचनेला चिकटलेले नाही, पण तिच्यात शास्त्र पुरेपूर आहे.

आमच्या वाईच्या घरी असा एक बंब होता. त्याला वर एक नरसाळे होते आणि बाजूला, वरच्या अंगालाच, एक तोटी होती. त्या तोटीला चावी नव्हती. ऊन पाणी हवे असेल तर नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतायचे. ते आतल्या आत नळीने तळाशी जाई, वरचे तापलेले पाणी तेवढेच उचलले जाई आणि तोटीतून बादलीत पडे. ऊन पाणी हलके, गार पाणी जड. जड खाली राहते, हलके वर. जितके गार घालाल तितकेच ऊन मिळेल, एक थेंब अधिक नाही. लहानपणी आम्हां भावंडांना हा जादूचा प्रयोग वाटे. त्यात जादू नव्हती, हिशेब होता.

बंब बिघडत असे, तोही उघडपणे. पाणी तापले नाही तर कारणे मोजकीच असत. जाळीत राख साचली, म्हणून वारा खेळत नाही. मधल्या नळीला काजळी धरली, म्हणून धूर कोंडतो. विहिरीचे पाणी जड, म्हणून आत क्षारांची पापडी धरली आणि आच पाण्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. किंवा नरसाळ्याची आतली नळी कुजून तुटली, म्हणून गार पाणी तळाशी न जाता वरच मिसळते आणि तोटीतून कोमट येते. घरातील कोणतीही जाणती बाई यांपैकी रोग कोणता हे धुराच्या रंगावरून आणि पाण्याच्या स्पर्शावरून सांगे. तिला त्याबद्दल कोणी कारागीर म्हणत नसे.

आता गीझरकडे येऊ. गीझर हा शब्द मुळात आइसलंडमधील उकळत्या पाण्याच्या एका कारंज्याचे नाव आहे. 1868 साली लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉगन या गृहस्थाने वायूच्या ज्योतीवर वाहते पाणी तत्काळ तापविणारे यंत्र सिद्ध केले आणि त्याला हे नाव दिले. यंत्र चतुर होते, पण त्याला धुराडे नव्हते. ज्या धूमनेत्राची काळजी विनयग्रंथांनी वाहिली होती ते येथे विसरले गेले. त्या विस्मरणाची किंमत आजही मोजावी लागते. कोंदट न्हाणीघरात वायूवरील गीझर लावून, दार-खिडकी बंद करून आंघोळ करणाऱ्यांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपल्याकडील शहरांतून दर हिवाळ्यात येतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या वायूपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला ओरडण्याचीही सवड देत नाही. ज्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांनी माझे बाकीचे बोलणे विसरले तरी चालेल, एवढे मात्र विसरू नये: यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावे.

पुढे 1889 साली, मूळचे नॉर्वेचे आणि अमेरिकेत पिट्सबर्ग येथे स्थायिक झालेले एडविन रूड यांनी पाणी साठवून आपोआप तापविणारे यंत्र केले. पाणी तापले की ज्योत आपोआप मंदावे आणि गार झाले की पुन्हा भडके. विजेचा प्रवाह तारेतून जाताना उष्णता किती निर्माण होते, याचा नियम जेम्स जूल यांनी त्याआधीच, 1840 च्या सुमारास, शोधून काढला होता. हे दोन धागे एकत्र आले आणि आपल्या भिंतीवरील पांढरी टाकी जन्मली. तिच्यात धूर नाही, राख नाही, काजळी नाही. पहाटे उठून फुंकणी हाती घेणाऱ्या स्त्रीची सुटका या यंत्राने केली, आणि ज्याने आपल्या आईला धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी पाहिले आहे तो या यंत्राला नावे ठेवणार नाही. मात्र या सोयीबरोबर एक गोष्ट हातातून गेली. अग्नी दिसेनासा झाला, आणि पाण्याची वाट भिंतीच्या आड गेली.

आमच्या निवासस्थानी तक्रार नोंदल्यावर एक कारागीर आला. दिवा फार लवकर विझतो असे त्याने हेरले आणि उष्णता-नियंत्रक बिघडला असल्याचा निर्वाळा दिला. नियंत्रक बदलला गेला. पाणी तसेच. दुसरा आला. त्याने टाकी उघडून तापणाऱ्या दांड्यावरील पांढरी पापडी दाखविली. पाण्यातील चुना तापल्यावर दांड्यावर धरतो हे खरेच आहे. जाड पापडी असेल तर आच पाण्याला पोहोचत नाही आणि दांडा स्वतःच जळतो. ही पापडी मात्र नखाने निघेल एवढी पातळ होती. तरीही दांडा बदलला गेला. पाणी तसेच. तिसऱ्याने विजेच्या दाबाला दोष दिला. त्यातही तथ्य असू शकते. साध्या हिशेबाने, 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 0.7 युनिट वीज लागते. 2 किलोवॉटच्या दांड्याला त्यासाठी एकवीस मिनिटे पुरतात. दाब 230 व्होल्टवरून 180 वर उतरला, तर दांड्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि त्याच कामाला चौतीस मिनिटे लागतात. आम्ही तासभर वाट पाहिली. पाणी तसेच.

या तिघांनी सांगितलेले रोग खरे होते. फक्त ते या रोग्याचे नव्हते. दोन्ही देयकांवर माझी सही होती. काम झाल्याचे प्रमाणपत्र मी दिले होते, कारण नियंत्रक बदलला गेला हे खरे होते आणि दांडा बदलला गेला हेही खरे होते. पाणी तापले की नाही हे लिहिण्यासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता.

तीन आठवडे असे गेले. आई काही बोलली नाही. चौथ्या आठवड्यात मला कळले की ती रोज स्वयंपाकघरातील गॅसवर पातेल्यात पाणी तापवून, ते दोन्ही हातांनी धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी न्हाणीघरापर्यंत नेत होती. मी रागावलो. ती म्हणाली, “अरे, तुझं ऑफिसचं चाललंय ना काम, होईल की. कढत पाणी मी काय आज नेतेय?” कढत पाण्याचे पातेले हातात आणि पायाखाली ओली फरशी! माझ्या दोन सह्यांचा अर्थ मला त्या क्षणी समजला.

मग तिने विचारले, “याच्यात गार पाणी घालतात कुठून?”

मी थोड्या अधीरतेने म्हणालो, “आई, हा बंब नाही. याच्यात पाणी आपोआप येतं.”

“ते कळलं. पण येतं कुठून? एक दार असेलच ना. आपल्या बंबात गार ओतलं नाही तर तोटीतून टिपूस यायचं नाही. याचं ते दार बंद करून बघ. तरीही नळाला पाणी आलं, तर ते पाणी याच्या पोटातलं नव्हेच.”

मी इतिहासाचा पदव्युत्तर पदवीधर. साधनांची चिकित्सा हा माझा अभ्यासविषय. एखादे पत्र हाती आले की ते कोठून आले, कोणाच्या हातून आले, मध्ये कोणी काही मिसळले का, हे आधी पाहावे, असे आम्हांला शिकविलेले असते. नळाच्या पाण्याला हा प्रश्न विचारावा हे मात्र मला सुचले नव्हते.

गीझरच्या खाली गार पाणी आत नेणाऱ्या नळीवर एक लहान चावी होती. ती मी पूर्ण बंद केली आणि ऊन पाण्याचा नळ सोडला. वाईच्या बंबाच्या न्यायाने थोड्याच वेळात धार थांबावयास हवी होती. थांबली नाही. बादली भरत राहिली, गार पाण्याने. म्हणजे ऊन पाण्याच्या नळीत गार पाणी दुसऱ्याच वाटेने शिरत होते. घराचे दार लावले होते, पण मागची खिडकी उघडी होती.

ती खिडकी सापडायला पाच मिनिटे लागली. भिंतीवर हातात धरावयाचा एक फवारा टांगलेला होता. त्याच्या मुळाशी ऊन आणि गार या दोन पाण्यांच्या दोन चाव्या, आणि टोकाला दाबायची एक कळ. भिंती रंगविणाऱ्यांनी बहुधा ब्रश धुण्यासाठी तो वापरला असावा. त्यांनी टोकाची कळ सोडली, पाणी थांबले, आणि मुळाशी असलेल्या दोन्ही चाव्या उघड्याच राहिल्या. फवाऱ्याचे तोंड बंद, पण त्याच्या मुळाशी ऊन आणि गार या दोन्ही नळ्या एकमेकींना मिळालेल्या. आता ऊन पाण्याचा नळ सोडला, की पाण्याला दोन वाटा. एक गीझरच्या पोटातून, अरुंद नळ्यांची आणि झडपेची; दुसरी या उघड्या चाव्यांतून थेट गच्चीवरील टाकीची, मोकळी. पाणी सरकारी नोकरीत नसते. ते सोपी वाट धरते. गीझर बिचारा आपले काम चोख करीत होता. त्याच्या पोटातील पाणी जागच्या जागी तापलेले राहात होते, म्हणूनच दिवा लवकर विझत होता. ज्या खुणेवरून पहिल्या कारागिराने त्याला आजारी ठरविले, तीच त्याच्या प्रकृतीची ग्वाही होती.

मी त्या दोन चाव्या बंद केल्या, गीझरची चावी उघडली आणि नळ सोडला. क्षणभराने आलेल्या पाण्यात हात धरवेना.

आई म्हणाली, “एवढंच ना? न मागता कोणी विसण घालत होतं म्हणायचं.”

विसण हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. कढत पाण्यात ते सोसवेल इतके करण्यासाठी घालावयाचे गार पाणी म्हणजे विसण. तो शब्द असणाऱ्या पिढीला हा बिघाड एका वाक्यात सांगता आला. तो नसलेल्या आम्ही चौघांनी नियंत्रक, दांडा आणि विजेचा दाब यांत महिना घालविला. मी शब्दांचे स्तोम माजवीत नाही. त्या तिघांना त्यांची विद्या येत होती. पण त्यांची विद्या टाकीपाशी सुरू होऊन टाकीपाशीच संपत होती, आणि माझी विद्या कागदापाशी. ज्या बाईने चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने गार ओतून ऊन घेतले होते तिच्या मनात पाण्याची सगळी वाट अखंड होती, विहिरीपासून अंगापर्यंत.

विश्वेश्वरय्या यांच्यासारख्या पुरुषांचे मोठेपण मला यानंतर थोडे निराळे दिसू लागले. उन्हाळ्यात सोन्याच्या खाणीतील चाक मंदावते याचे कारण त्यांनी खाणीत शोधले नाही, तारांतही शोधले नाही. ते मागे मागे जात नदीच्या आटण्यापर्यंत पोहोचले आणि तेथे धरण बांधले. माझ्या आईने न्हाणीघरात केले ते मापाने लहान असेल, जातीने निराळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात एक टिपण लिहिले. दुरुस्तीचे स्वरूप: दोन चाव्या बंद केल्या. खर्च: नाही. त्याखाली, आधीच्या दोन दुरुस्त्या अनावश्यक होत्या आणि त्यांची देयके मी खातरजमा न करता मंजूर केली, असेही लिहिले. त्या रकमा फार मोठ्या नव्हत्या, पण त्या माझ्या नव्हत्या. यापुढे पाणी तापल्याचे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून असे प्रमाणपत्र देऊ नये, अशी सूचनाही जोडली. ज्यांच्या घरी हाच बिघाड असेल त्या श्रोत्यांनीही कारागिराला बोलावण्याआधी तेवढी एक चावी बंद करून पाहावी. ऊन पाण्याचा नळ तरीही वाहत राहिला, तर दोष गीझरचा नाही. आणि नळ थांबला, तर मग खुशाल नियंत्रकाची, दांड्याची आणि दाबाची चौकशी करावी. पण झाकण उघडायचे ते जाणकारानेच, वीज मुळापासून बंद करून.

थोड्या दिवसांनी दिवाळी आली. आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरी पाणी भरण्याचा सण होता. त्यांच्या न्हाणीघरातही गीझरच होता, पण अंगणाच्या कडेला जुना हंडा राखून ठेवलेला होता. तो घासून, चुन्याच्या रेघा ओढून, झेंडूची माळ घालून त्यांनी भरला. आईला त्यांनी आग्रहाने बोलाविले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात हळदकुंकवाची वाटी होती. आपल्याकडेही लावायचे म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि गीझरपुढे जरा थबकली. त्या गुळगुळीत पांढऱ्या टाकीवर बोट टेकवावे कोठे, असा तिला प्रश्न पडलेला दिसला. मग ती वाकली, आणि गार पाण्याच्या त्या लहानशा चावीला तिने हळदकुंकू लावले.